पाण्याखालचा निरोप

जालना जिल्ह्यातल्या वाटूरहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण पाण्याखालून निरोप कसा जातो, हे तिथल्या विहिरीतही कळेल. एकाने बुडी मारून दोन दगड एकमेकांवर आपटले, तर पलीकडे बुडालेल्याला ती टकटक अगदी कानाशी ऐकू येते. कुठल्या बाजूने, ते मात्र सांगता येत नाही. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने धावतो आणि दोन्ही कान जवळपास एकदमच गाठतो. हा वेग १८२६ साली कोलाडोन आणि स्टुर्म यांनी जिनिव्हा सरोवरात घंटा वाजवून मोजला: सेकंदाला १,४३५ मीटर. पुढे १९१४ मध्ये फेसेंडेनने आपल्या यंत्राने पाण्यातून मोर्स संकेत पाठवले.

ही विद्या वाढली पाणबुड्यांच्या युद्धांमुळे. तरी माझ्या मते तिचे खरे मोल आपल्या किनाऱ्याला पटावे ते २८ नोव्हेंबर १९४५ मुळे. त्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि काही तासांनी त्सुनामी मुंबईत पोचली. वर्सोव्यासारख्या कोळीवाड्यांच्या पट्ट्यात माणसे वाहून गेली. कुणी म्हणेल, मुंबईला १८७० पासून समुद्री तार होती की! होती, पण ती कचेऱ्या जोडत होती. भर समुद्रात पाणी उचलले गेल्याचे सांगणारे तिच्यावर कुणी नव्हते.

२००४ च्या त्सुनामीनंतर ही उणीव भरू लागली. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेत २००७ साली इशारा केंद्र सुरू झाले. बंगालच्या उपसागरात आणि अरबी समुद्रात बोये सोडले गेले. तळावरचा दाबमापक पाण्याची उंची टिपतो, आकडे आवाजात घालून वरच्या बोयाकडे पाठवतो आणि बोया ते उपग्रहाला देतो. रेडिओ का नाही? नेहमीच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात काही मीटरांतच विझतात. केबल का नाही? जपानने ती घातली आहे, पण तिचा खर्च प्रचंड. बोयांची नासधूस होते, हा आक्षेप मात्र खरा आहे. तो दोष आवाजाचा नाही, राखणीचा आहे.

उरतो संथपणाचा ठपका. रेडिओपुढे आवाज गोगलगायच, आणि त्यावर मोजकेच आकडे जातात. पण इथे शर्यत रेडिओशी नाही, लाटेशी आहे. चार किलोमीटर खोल समुद्रात त्सुनामी ताशी सुमारे ७०० किलोमीटर धावते, आवाज ताशी ५,४००. तेवढ्या खोलीवरून निरोप वर यायला तीन सेकंदही लागत नाहीत.