'इंटरेस्टिंग' की 'इंटरेस्टेड'? इंग्रजीतला आयएनजी-ईडीचा घोळ मराठीतूनच सुटतो

मुलाखतीत "या कामात रस आहे का?" असं विचारलं की काही पोरं पटकन म्हणतात, "येस सर, आय ॲम इंटरेस्टिंग." सांगायचं असतं 'मला रस आहे', पण अर्थ होतो 'मी मोठा मजेदार माणूस आहे'. बरोबर उत्तर 'आय ॲम इंटरेस्टेड'. शब्द तोच, फक्त शेपूट बदललं.

क्रियापदाला आयएनजी किंवा ईडी लावून तयार झालेल्या अशा विशेषणांना इंग्रजीत पार्टिसिपिअल ॲडजेक्टिव्ह म्हणतात. (ही ईडी म्हणजे छापे टाकणारी ईडी नव्हे!) मराठी व्याकरणात अशा शब्दांना धातुसाधित विशेषण म्हणतात. म्हणजे हा नियम आपल्याला नवा नाही.

'णारा' आणि 'लेला'

आयएनजी म्हणजे बहुतेक वेळा आपला 'णारा' किंवा 'ता'. ईडी म्हणजे आपला 'लेला'.

- बॉइलिंग वॉटर : उकळतं पाणी
- बॉइल्ड वॉटर : उकळलेलं पाणी
- फॉलिंग लीव्हज : गळणारी पानं
- फॉलन लीव्हज : गळलेली पानं

डॉक्टर प्यायला सांगतात ते बॉइल्ड वॉटर. बॉइलिंग वॉटर प्यायलं तर तोंड भाजेल.

'फॉलन'मध्ये ईडी नाही, कारण काही क्रियापदांचं तिसरं रूप वेगळं असतं. ब्रोकन म्हणजे मोडलेलं, स्टोलन म्हणजे चोरलेलं, रिटन म्हणजे लिहिलेलं. ही रूपं पाठच करावी लागतात. एक गोष्ट मात्र सोपी आहे. मराठीत लेला-लेली-लेलं असं लिंगाप्रमाणे बदलतं, इंग्रजीत काहीच बदलत नाही.

खरा घोळ भावनेच्या शब्दांत

ज्याच्यामुळे भावना निर्माण होते त्याला आयएनजी. ज्याला ती भावना होते त्याला ईडी.

- भाषण बोअरिंग, ऐकणारे बोअर्ड
- काम टायरिंग, मजूर टायर्ड
- बातमी शॉकिंग, गाव शॉक्ड
- निकाल सरप्रायझिंग, आईवडील सरप्राइज्ड

माणसाला आयएनजी लागतच नाही असं नाही. 'ही इज बोअरिंग' म्हणजे तो इतरांना कंटाळा आणतो. 'ही इज बोअर्ड' म्हणजे तो स्वतः कंटाळलाय. दोन्ही वाक्यं बरोबर, पण अर्थ उलटा. निर्जीव वस्तूला मात्र भावना नसते, म्हणून 'द बुक इज बोअर्ड' हे चूक.

बियाण्याच्या पिशवीवरचं इंग्रजी

हे व्याकरण फक्त परीक्षेपुरतं नाही. पेरणीच्या दिवसांत हेच शब्द घरात येतात.

ट्रीटेड सीड म्हणजे औषध लावलेलं बियाणं. पेरून उरलेलं असं बियाणं दळायचं नाही, जनावरांना घालायचं नाही आणि तेलालाही वापरायचं नाही. धुऊन घेतलं तरी नाही.

सर्टिफाइड सीड म्हणजे प्रमाणित केलेलं बियाणं. 'लेलं' आलं की लगेच विचारावं, कुणी केलेलं? महाराष्ट्रात हे काम राज्याची बीज प्रमाणीकरण यंत्रणा करते. अशा पिशवीला निळा टॅग असतो. 'ट्रुथफुली लेबल्ड' लिहिलं असेल तर ते लेबल विकणाऱ्या कंपनीने स्वतःच्या जबाबदारीवर लावलेलं असतं, यंत्रणेने प्रमाणित केलेलं नसतं. दोन्हीकडे शेवटी ईडीच, पण करणारा वेगळा.

नीम कोटेड युरिया म्हणजे कडुनिंबाच्या तेलाचा थर दिलेला युरिया. अर्जासोबत मागतात ती सेल्फ अटेस्टेड कॉपी म्हणजे स्वतः सही करून साक्षांकित केलेली प्रत. तिथे दुसऱ्या कुणाची सही घ्यायला धावपळ करायची गरज नाही.

आयएनजी दिसलं तरी फसू नका

ड्रिंकिंग वॉटर म्हणजे पिणारं पाणी नव्हे, पिण्याचं पाणी. वेटिंग रूम म्हणजे वाट बघणारी खोली नव्हे. वॉशिंग पावडर म्हणजे धुण्याची पावडर. इथे आयएनजी ती वस्तू कशासाठी आहे ते सांगतं. 'णारा' लावून अर्थ विचित्र निघाला तर 'ण्याचा', 'ण्याची' किंवा 'ण्यासाठी' लावून बघावं.

पुढचा छोटा शब्दही लक्षात ठेवा

इंटरेस्टेडच्या पुढे 'इन' येतं, टायर्डच्या पुढे 'ऑफ', सॅटिस्फाइडच्या पुढे 'विथ'. विशेषणासकट तो शब्द पाठ केला तर लिहिताना अडत नाही.

इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी ते मनात मराठीत म्हणून बघा. 'करणारा' आला तर आयएनजी, 'झालेला' किंवा 'केलेला' आला तर ईडी किंवा तिसरं रूप. भावनेचा शब्द असेल तर एकच विचारा, भावना देणारा कोण आणि घेणारा कोण?