चित्र वाचले, डाव गेला

सोलापूर हे गाव स्वतःच दोनदा बोलीवर लागले आहे. १५२४ साली इथे अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा आणि विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम यांचे लग्न झाले. नवरीबरोबर सोलापूरचा किल्ला आणि त्याखालचे साडेपाच परगणे द्यायचे ठरले होते. लग्न झाले, किल्ला काही मिळाला नाही, आणि त्यावरून दोन्ही घराणी कित्येक वर्षे एकमेकांच्या उरावर बसली. चाळीसेक वर्षांनी, तालिकोटच्या लढाईच्या तोंडावर, अहमदनगरच्या चाँदबिबीचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी लागले तेव्हा हाच किल्ला, एव्हाना अहमदनगरच्या हाती आलेला, हुंडा म्हणून उलट दिशेने गेला. हातातले पान समोरच्याने मारावे तसा.

गाव पणाला लागते, राज्य लागते, महाभारतात तर भाऊ आणि बायकोही लागते. चित्रकाराने स्वतःचे चित्र पणाला लावून डाव मांडल्याचे मात्र आपल्याकडे सहसा ऐकू येत नाही. पश्चिमेत विसाव्या शतकात जुगार हीच कलाकृती म्हणून पुढे आली, तिचे कौतुक झाले, तिच्यावर ग्रंथ निघाले. आपल्याकडे हे नाते निराळ्या बाजूने जुळले होते. इथे चित्र पणाला लावले जात नसे. चित्रानेच डाव खेळला जाई.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाढलेल्या माणसाला पत्ते म्हणजे बदामसात, झब्बू, मेंढीकोट, रमी, आणि मोठ्यांनी दार लोटून खेळायची तीन पत्ती. ही चौकोनी पाने युरोपातून आली. त्याआधीची पाने गोल होती, हाताने रंगवलेली होती, आणि त्यांना गंजिफा म्हणत. शब्द फारसी. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. म्हणजे सोलापूरच्या त्या फसलेल्या हुंड्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. पुढे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त या खेळाची तपशीलवार माहिती दिली. मुघल गंजिफेत आठ रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण ९६. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, किमाश अशी रंगांची नावे. दरबाराचा सगळा संसारच त्यात आला: मुकुट, नाणी, तलवार, नोकर, वाद्य, हुंडी, माल.

हिंदू घरांत हा खेळ शिरला तेव्हा त्याने देव्हारा गाठला. आठाचे दहा रंग झाले, दहा अवतारांचे. पाने १२०. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, वामनाच्या पानांवर कमंडलू, परशुरामाच्या पानांवर परशू. जुन्या मराठी दशावतार-चित्रांत नवव्या जागी बुद्धाऐवजी अनेकदा विठोबा उभा दिसतो. अवतारांच्या यादीत पंढरपूरला जागा करून देण्याची ही मराठी युक्ती. चाल साधी नव्हे. पाच रंगांत पानांचा चढता क्रम सरळ, पाच रंगांत उलटा. दिवसा खेळ बसला तर रामाच्या राजाची उतारी, रात्री बसला तर कृष्णाच्या. साधारणपणे तिघे खेळत, प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने. ती हातात धरणे हीच एक कसरत. गोल पाने पिसता येत नाहीत, म्हणून ती चादरीवर पसरून हाताने कालवायची. आणि कोणते पान पडून गेले हे डोक्यात ठेवायचे, सगळ्या दहा रंगांचे. खेळताना अवतारांची नावे तोंडी येतात, म्हणून नामस्मरणही घडते, अशी सोयीची समजूत होती. पैसे लावून खेळताना पुण्य नेमके कोणाच्या खात्यात जाई, हे विचारायचे नसते.

देवांनाच जुगाराचे वावडे नाही, तर माणसांचे काय. वेरूळला रामेश्वर लेण्यात शंकर-पार्वती फासे खेळताना कोरले आहेत, आणि खालच्या पट्टीत गणांनी नंदीला घेरून ओढाताण चालवली आहे. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात ती याच जोडप्याच्या डावावरून. जुगार आणि अभिनय एकाच जागी पाहायचा तर शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा दुसरा अंक काढावा. दहा सुवर्णमुद्रांचे देणे बुडवून पळालेला संवाहक उलट्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे आत येतात, मूर्ती लाकडाची की दगडाची अशी चर्चा करतात, आणि तिथेच फासे टाकायला बसतात. फाशांचा आवाज कानी पडताच मूर्तीला राहवत नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले. आजच्या कलादालनात कोणी हा प्रयोग केला तर त्याला ‘परफॉर्मन्स आर्ट’ म्हणतील आणि पुस्तिकेत लांबलचक निवेदन छापतील.

गंजिफा रंगवणारे ते चितारी. सावंतवाडीत चितारआळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. लाकडी खेळणी, पाट, देव्हारे आणि पत्ते हा त्यांचा परंपरेचा धंदा. पान करायला जुने मऊ कापड लागे. त्याच्या थरांवर चिंचोक्याची खळ चढवायची, वाळवायचे, वर खडूचा लेप द्यायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचे, गोल कापायचे, जमिनीचा रंग भरायचा, त्यावर बारीक कुंचल्याने आकृती, आणि शेवटी लाखेचा हात. पाठ एकरंगी ठेवायची, कारण पाठीवर ठिपका जरी निराळा पडला तरी पान ओळखू येते आणि भांडण होते. म्हणजे समोर जितकी कलाकुसर, तितकीच मागे कलेला बंदी. एका बाजूला मूठभर जागेत नरसिंह बसवायचा आणि दुसऱ्या बाजूला १२० वेळा हुबेहूब काहीच काढायचे नाही. दोन्ही जमले तरच तो जोड खेळायच्या कामाचा.

श्रीमंतांसाठी हस्तिदंताची आणि कासवाच्या पाठीची पाने होत, ती दरबारी कलमाची. बाजारात मिळत ती बाजार कलमाची; घाईची रेघ, मोजके रंग, राजाच्या अंगावर चार ठिपके म्हणजे दागिने. हस्तिदंती पाने काचेच्या पेटीत ठेवण्यासारखी असली तरी खरी मजा या दुसऱ्या प्रकारात आहे. तो मत्स्य दोन-तीन फटकाऱ्यांत उतरलेला असतो आणि तरी पोहतो. चिताऱ्याने त्यावर सही केलेली नसते. डावात जिंकणारा जिंकतो, हरणारा हरतो, चिताऱ्याचे नाव कोणी घेत नाही. घामेजल्या बोटांनी लाख उडते, रामाचा चेहरा पुसतो, एखादे पान हरवते, आणि मग नवा जोड करायला सांगणे येते. त्याचे पोट त्या झिजण्यावरच चाले.

पॅरिसच्या मार्सेल द्युशाँने १९२४ साली जे केले ते याच्या नेमके उलटे. माँटे कार्लोच्या रूलेटवर खेळायला भांडवल हवे म्हणून त्याने पाचशे फ्रँकचे रोखे काढले. तीस काढायचे ठरले होते, निघाले त्याहून कमी. रोख्यावर त्याचाच फोटो, मॅन रेने काढलेला: केसांना साबणाचा फेस लावून शिंगे केलेली. सही एक स्वतःची आणि एक त्याच्या काल्पनिक स्त्रीरूपाची, रोझ सेलाव्हीची. पद्धत अशी शोधली होती की फार जिंकायचे नाही, फार हरायचे नाही. रूलेट विसरले गेले, रोखे मात्र आज संग्रहालयांत आहेत. २००५ साली जपानच्या मास्प्रो डेंको कंपनीच्या प्रमुखाला आपल्याकडची चित्रे कोणत्या लिलावघराला द्यावीत हे ठरेना, तेव्हा त्याने ख्रिस्टीज आणि सदबीज या दोघांना दगड-कागद-कात्री खेळायला लावले. ख्रिस्टीजने तिथल्या एका अधिकाऱ्याच्या अकरा वर्षांच्या जुळ्या मुलींचा सल्ला घेऊन कात्री दिली, सदबीजने कागद. सेझान, पिकासो, व्हॅन गॉग त्या एका खेळीत गेले. सेझानने पत्ते खेळणारे शेतकरी आयुष्यभरात पाचदा रंगवले आहेत, हा निव्वळ योगायोग.

मुंबईतही कला आणि पत्ते एका माणसाच्या घरी एकत्र आले. रुडॉल्फ फॉन लायडन हा भूगर्भशास्त्र शिकलेला जर्मन १९३३ साली मुंबईत आला आणि पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासमीक्षा लिहू लागला. सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि हुसेन यांच्या १९४७च्या प्रोग्रेसिव्ह गटाच्या पाठीशी जे मोजके लोक उभे राहिले, त्यांतला तो एक. हुसेन जन्माचे पंढरपूरचे, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचेच. एकीकडे ही नवी चित्रे आणि दुसरीकडे गंजिफा, असा लायडनचा नाद. त्याने देशभरातून जोड जमवले, म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराजांच्या पत्त्यांवर लिहिले, आणि १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भारतीय गंजिफांचे प्रदर्शन भरले तेव्हा त्याची पुस्तिकाही त्यानेच लिहिली. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा चिताऱ्यांचे काम जपायला एका जर्मन समीक्षकाची गरज पडली, ही आपल्या रसिकतेला फार भूषणावह गोष्ट नव्हे.

तोवर छापील पत्त्यांनी धंदा बसवला होता. सावंतवाडीत १९७० च्या सुमारास हे काम जाणणारे पुंडलिक चितारी हे एकटे वयोवृद्ध कारागीर उरले होते. संस्थानिक शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला समजून घेतली, राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कारखाना सुरू केला, तरुण मुलामुलींना शिकवले. आजही तिथे जाणाऱ्याला मांडी घालून बसलेले कारागीर पान रंगवताना दिसतात. हे मोठेच काम झाले. पण जोड विकत घेणारा तो घरी नेऊन भिंतीवर चौकटीत लावतो किंवा कपाटात ठेवतो. चादर पसरून तिघे बसले, रामाची उतारी झाली, असे आता होत नाही. पान झिजत नाही, हरवत नाही, पुसत नाही. चित्र वाचले, डाव गेला.

खेळायला कायद्याची अडचण आहे असेही नाही. १८८७चा मुंबई जुगार प्रतिबंध कायदा आजही चालू आहे, पण केवळ कौशल्याचा खेळ त्यात येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले, तीन पत्तीला नाही. दहा रंगांची १२० पाने लक्षात ठेवायला लावणारी गंजिफा कोणत्या बाजूला बसेल, हे ज्याने चाळीस पाने एकदा हातात धरली त्याला वेगळे सांगायला नको. पैसे न लावताही ती डोक्याला पुरेशी आहे.

शुक्रवार पेठेतले जुने वाडे एकेक करून उतरताहेत, आणि माळ्यावरचे सामान आधी रद्दीत जाते. त्यात सरकत्या झाकणाची रंगीत लाकडी पेटी निघाली आणि आत गोल पाने असली तर टाकू नका. आधी मोजा. ९६ भरली तर जोड मुघल असण्याचा संभव, १२० भरली तर बहुधा दशावतारी. दोन-चार कमी भरली तर समजा, त्या घरात कोणीतरी खरोखर खेळत होते.