गोहना: फुटणार हे आधीच माहीत असलेलं धरण

आजची गोष्ट एका धरणाची आहे. फक्त हे धरण कुणी बांधलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी जे बद्रीनाथला जाऊन आलेत, त्यांना चमोलीहून पिपळकोटीकडे जाणारा रस्ता आठवत असेल. त्या वाटेवर बिरही नावाची नदी अलकनंदेला मिळते. सप्टेंबर १८९३ मध्ये या बिरहीच्या खोऱ्यात, गोहना गावाजवळ, डोंगराचा एक अख्खा कडा नदीत उतरला. एका झटक्यात नाही बरं का, तीन दिवस दगड कोसळत होते. नदी अडली. ढिगारा केवढा? उंचीला साधारण ९०० फूट. म्हणजे जवळजवळ चार कुतुबमिनार एकावर एक. त्याच्या मागे पाणी साठायला लागलं.

आता प्रश्न असा, की हे पाणी थांबणार किती दिवस? इंग्रज सरकारने लेफ्टनंट कर्नल पुल्फर्ड या इंजिनिअरला पाहणीला पाठवलं. त्यांचा तर्क मला फार आवडतो, कारण तो साधा आहे. ढिगारा तळाला इतका रुंद आहे, की नुसत्या पाण्याच्या दाबाने तो सरकणार नाही. पण पाणी एकदा का माथ्यावरून वाहू लागलं, की ते ढिगारा कुरतडणार आणि मग तो फुटणार. मग काय, तळं किती वेगाने भरतंय ते मोजा, तारीख मिळेल. उत्तर आलं, १८९४ च्या ऑगस्टचा मध्य. भूगर्भ खात्याचे टॉमस हॉलंड हेही जागा बघून गेले.

धरणाला हात लावायचा नाही, असं ठरलं. हलवायचं ते माणसांना. तळ्यापासून खाली हरिद्वारपर्यंत तारेची लाईन टाकली. लेफ्टनंट क्रुकशँक नावाचा अधिकारी तळ्यावर नजर ठेवून राहिला. खोऱ्यात पूर कुठवर चढेल याचा अंदाज करून तिथे खुणेचे खांब उभारले. खांबाच्या खाली थांबायचं नाही, एवढा नियम अडाणी माणसालाही कळतो. झुलते पूल सोडवून ठेवले, म्हणजे पुराबरोबर ते वाहून जायला नकोत.

हे सगळं निव्वळ कनवाळूपणातून झालं, असं मी म्हणणार नाही. हरिद्वारला गंगेचा कालवा निघतो. त्याच्यावर दोआबातली शेती आणि त्या शेतीवर सरकारचा सारा. कालवा गेला असता तर तिजोरीला भोक पडलं असतं. पण कारण काहीही असो, काम चोख झालं.

२५ ऑगस्ट १८९४. धो धो पाऊस. सकाळी पाणी माथ्यावरून वाहू लागलं. तारा खडखडल्या. दिवसभर ढिगारा झिजत राहिला आणि मध्यरात्रीच्या सुमारास बांध फुटला. चार-साडेचार तासांत सुमारे १० टीएमसी पाणी खाली गेलं. आपल्या हिशेबात सांगायचं तर पानशेत धरण पूर्ण भरलं की जेवढं पाणी असतं, जवळपास तेवढं. तेही अरुंद दरीतून आणि अंधारात! आणि पानशेत फुटल्यावर, १२ जुलै १९६१ ला, पुण्यात काय झालं ते आपल्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा.

अलकनंदेकाठचं श्रीनगर, काश्मीरचं नव्हे, हे गढवालच्या राजांची जुनी राजधानी, ते वाहून गेलं. घरं, बाजार, सगळं. नंतर नवं श्रीनगर उंचावर, आखून-रेखून वसवलं. आणि माणसं किती गेली? पाच. एक फकीर आणि त्याचं कुटुंब. त्यांनाही आधी तिथून हलवलं होतं, पण ते परत आले.

मला या पाच जणांचा विचार सोडवत नाही. सरकारी माणूस येऊन सांगतो, 'तुमची जागा बुडणार आहे.' महिनोन् महिने जातात. ठरलेला ऑगस्टचा मध्यही येऊन जातो, आणि काहीच होत नाही. अशा वेळी आपल्या जागी परत यावंसं वाटणं, यात वेडेपणा कुठे आहे? अंदाज फक्त दहा-एक दिवसांनी चुकला होता.

गोष्ट इथे संपत नाही. बांध पूर्ण गेलाच नव्हता. पाण्याची पातळी ३९० फूट उतरली आणि उरलेलं तळं तसंच राहिलं. लोक त्याला गोहना ताल म्हणायचे. पंचाहत्तर वर्षं ते शांत होतं, फक्त वरच्या डोंगरांवरून गाळ येऊन साचत होता. मग २० जुलै १९७० ला अलकनंदेच्या खोऱ्यात प्रचंड पाऊस झाला, आणि त्या एका पुरात गोहना ताल संपला. बेलाकूची गाव वाहून गेलं. गाळ खाली हरिद्वारच्या कालव्यापर्यंत पोहोचला. या वेळी ना तारेची लाईन होती, ना खुणेचे खांब.

पुरानंतर मदत घेऊन गावोगाव फिरलेल्यांमध्ये दशोली ग्राम स्वराज्य संघाचे चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांचे सहकारी होते. वरची जंगलं ठेकेदारांनी तोडली म्हणून डोंगर सुटले, हे गावकऱ्यांचं म्हणणं त्यांनी धरून ठेवलं. १९७३ मध्ये मंडल गावाजवळ याच लोकांनी झाडांना मिठ्या मारायचं ठरवलं. ते चिपको आंदोलन. त्याची गोष्ट पुढच्या भागात.