नीरा, काकासाहेब आणि माझी आजी

जळगावहून धुळ्याला आजीकडे गेलो होतो. तिच्या शेजारी बसून मोबाइलवर ‘कुंकू’ पाहिला. १९३७चा प्रभातचा सिनेमा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची. तरुण नीरेचं लग्न फसवून म्हाताऱ्या बिजवराशी, काकासाहेबांशी लावतात. ती त्यांना नवरा मानायलाच नकार देते.

विषय मराठीला नवा नव्हता. जरठ-बाला विवाहावरचं देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९मध्येच रंगमंचावर आलं होतं. १९२९च्या ‘शारदा कायद्या’चं नाव या नाटकावरूनच पडलं, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. खरं तर ते हरबिलास सारडांचं नाव. त्या कायद्याने मुलीचं किमान वय १४ ठरवलं. नवरा-बायकोतल्या अंतराला मर्यादा घातली नाही.

शांता आपटेंची नीरा मला प्रचंड आवडते. शेवट मात्र खटकतो. काकासाहेबांना चूक उमगते, ते तिला मुलगी मानून पत्र लिहितात आणि जीव देतात. केशवराव दाते इतकं सुंदर काम करतात की डोळे त्यांच्यासाठीच भरून येतात. म्हणजे लढली नीरा, मोठे ठरले काकासाहेब. तिची सुटकाही त्यांच्याच हातून.

आजीलाही सोळाव्या वर्षी बिजवराला दिलं होतं. आजोबा वीस वर्षांनी मोठे. सिनेमा संपल्यावर विचारलं, “कसा वाटला?”

“पोरगी बोलली तरी,” आजी म्हणाली.

आजोबा फार प्रेमळ होते, असं घरात सगळेच सांगतात. आजीच्या तोंडून मात्र मी ते कधीच ऐकलेलं नाही.