खेचणारा पंप आणि ढकलणारा पंप

घरी बांधलेल्या विमानाचा पेट्रोल-पंप हा विषय बीडच्या व्यासपीठावर ऐकून कोणी हसला, तर त्यात त्याचा दोष नाही. बीड शहरात आगगाडी पोहोचली तीच २०२५ साली. विमानाची गोष्ट तर पुढचीच. तथापि आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. या विमानांच्या पंपाचा जो सर्वांत अवघड प्रश्न, तो या जिल्ह्यातील विहीर-बागायतदाराला जन्मापासून ठाऊक आहे. फक्त तो पाण्याविषयी ठाऊक आहे, पेट्रोलविषयी नाही, एवढाच फरक.

बीडजवळची खजिना विहीर आपणा सर्वांच्या पाहण्यातली आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या अमदानीत, सलाबतखानाने ती बांधविली. तिच्यातले पाणी भुयारी मार्गाने उतारावरून बलगुजारच्या शेतीकडे जाते. तेथे मोट नाही, रहाट नाही, पंपही नाही. पाणी उंचावरून खाली जाते, एवढ्यावर सारी योजना उभी आहे. म्हणून तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. पहिली विमाने आणि पहिल्या मोटारी पेट्रोलच्या बाबतीत याच तत्त्वावर चालत. टाकी वर, इंजिन खाली. फोर्डची ‘टी’ मोटार चढावर तोंड करून जाऊ लागली की टाकी इंजिनाच्या खाली येई आणि पेट्रोल थांबे. मग लोक ती गाडी उलटी फिरवून घाट मागच्या मागे चढवीत. जमिनीवर हे चालून जाते. विमानाला मात्र गिरकी घ्यावी लागते, नाक वर करावे लागते, आणि टाकी नेहमीच इंजिनाच्या डोक्यावर ठेवता येत नाही. पंप आला तो या गरजेतून.

पंप आला की त्याच्याबरोबर एक जुना गैरसमज येतो. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. वास्तविक पंप काहीच ओढीत नाही. तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो, आणि बाहेरची हवा विहिरीतील पाण्यावर दाब देऊन ते नळातून वर ढकलते. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात नोंदविले की एका मर्यादेपलीकडे पंपाने पाणी चढत नाही. त्याचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४४ च्या सुमारास त्याचे कारण हवेच्या वजनात शोधले. ती मर्यादा सुमारे ३४ फूट. व्यवहारात २५ फुटांच्या आत राहावे लागते, आणि म्हणूनच आपल्याकडे इंजिन विहिरीच्या काठावर न ठेवता आत टप्पा करून उतरवीत असत. हे तोरिचेल्लीचे नाव न ऐकलेल्या माणसाने केलेले तोरिचेल्लीचेच गणित होय. किर्लोस्करवाडीचे पंप आणि १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची इंजिने गावोगाव गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर हे गणितही गेले.

दुसरी गोष्टही शेतकरी जाणतो. पंपाच्या पुढच्या, म्हणजे पाणी फेकणाऱ्या नळाला भोक पडले, तर धार उडते, दिसते, चिंधी बांधून काम भागते. परंतु मागच्या, म्हणजे शोषणाच्या नळाला केसाएवढी चीर गेली, तर बाहेर एक थेंब गळत नाही. उलट हवा आत शिरते. पंप फिरतो, आवाज करतो, पाणी मात्र येत नाही. मग फूटव्हॉल्व्ह तपासा, नळ पाण्याने भरा, सांध्याला शेण-माती लिंपा, ग्लँडची दोरी आवळा, हा सारा खटाटोप. गळती आत जाणारी असली की ती डोळ्यांना सापडत नाही. या एका वाक्यावर आमचे आजचे सारे विवेचन उभे आहे.

आता विमानाकडे वळू. ‘रोटरी’ या नावाची दोन निराळी इंजिने होऊन गेली आणि वाचणारे त्यांची नेहमी गल्लत करतात. पहिले फ्रान्समधील सेगँ बंधूंचे ‘नोम’ इंजिन. १९०८ च्या अखेरीस ते पॅरिसच्या प्रदर्शनात आले. त्यात मधला दांडा स्थिर राही आणि सिलिंडरच पंख्यासकट गरगर फिरत. पेट्रोल आणि हवा पोकळ दांड्यातून आत जाई. सिलिंडरच्या भिंती इतक्या पातळ, आणि वाऱ्याच्या बाजूने थंड व मागच्या बाजूने गरम झाल्यामुळे इतक्या वाकड्या होत, की साधी कडी दट्ट्याभोवती बसेना. म्हणून पातळ पितळी कडीची युक्ती करावी लागली. वंगणाला एरंडेल घेत, कारण ते पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. वापरलेले एरंडेल बाहेर फेकले जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर बसे. त्याच्या पोटावर होणाऱ्या परिणामाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. हे एरंडाचे गुऱ्हाळ येथेच थांबवू. पहिल्या महायुद्धातील ‘सॉपविथ कॅमल’ विमानावर याच जातीची इंजिने असत. आपल्याकडील हरदितसिंग मलिक १९१७ साली हेच विमान चालवीत होते. त्यात एक लहानसा वाऱ्यावर फिरणारा पंप मुख्य टाकीत हवेचा दाब भरी आणि पेट्रोल पुढे ढकलले जाई. तो बंद पडला तर उंचावरची लहान टाकी राखीव असे. ढकलण्याचा हा विचार तेव्हाच झाला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे ‘रोटरी’ म्हणजे जर्मनीतील फेलिक्स वांकेल यांचे. एन्‌एस्‌यू कारखान्यात १९५७ च्या फेब्रुवारीत ते प्रथम फिरले. यात दट्टा वरखाली होत नाही. फुगीर बाजूंचा तिकोनी फिरता तुकडा एका लंबगोलासारख्या घरात फिरतो. झडपा नाहीत, झडपा उघडणारा कॅम-दांडाही नाही. परंतु तिकोनाची तीन टोके घराच्या भिंतीशी सतत घट्ट राहिली पाहिजेत, आणि तेथेच सारे घोडे अडले. जपानच्या माझदा कंपनीत केनिची यामामोतो आणि त्यांचे ४७ सहकारी या टोकांच्या पट्ट्यांशी कित्येक वर्षे झगडत होते. भिंतीवर उठणाऱ्या ओरखड्यांना त्यांनी सैतानाच्या नखांचे ओरखडे असे नाव दिले होते. अखेर कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी टिकली आणि १९६७ साली ‘कॉस्मो’ मोटार बाजारात आली. त्याच दशकाच्या शेवटी कर्टिस-राइटचे वांकेल इंजिन लॉकहीडच्या ‘क्यू-स्टार’ विमानावर उडाले.

घरी विमान बांधणाऱ्यांची अमेरिकेतील संघटना १९५३ साली मिलवॉकी येथे निघाली. पुढे माझदाची इंजिने मोडीतल्या मोटारींतून स्वस्तात मिळू लागली तेव्हा तिच्यातील काही मंडळींनी ती विमानावर चढविली. आपल्याकडे असा हौशी उद्योग विरळा. तथापि वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले आणि २०१७ साली त्याची सरकारी नोंदणी झाली, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेच आहे. गच्चीवर बांधा की गोठ्यात बांधा, पेट्रोल इंजिनापर्यंत कसे न्यायचे, हा प्रश्न चुकत नाही.

वांकेल इंजिन घेणाऱ्यापुढे तर तो अधिकच तीव्र होतो. साध्या इंजिनात कॅम-दांड्याच्या धक्क्याने चालणारा पडद्याचा यांत्रिक पंप आयता बसतो. बॅटरी मेली तरी तो चालतो. येथे कॅम-दांडाच नाही. म्हणून सारी मदार विजेच्या पंपावर. कार्बुरेटर असेल तर चौरस इंचाला ३ ते ५ पौंड दाब पुरतो. पेट्रोल फवारणारी योजना असेल तर ४० पौंडांच्या आसपास लागतो. फवाऱ्याच्या योजनेत पंप गरजेहून जास्त पेट्रोल फिरवितो आणि उरलेले परत पाठवितो. ते ज्या टाकीतून घेतले त्याच टाकीत परत गेले पाहिजे, नाही तर एक टाकी रिकामी होते आणि दुसरी हवानळीतून बाहेर सांडते.

पंप कोठे बसवावा? हौशी माणसाचा पहिला विचार असा, की इंजिनाजवळ जागा आहे, दुरुस्तीलाही सोपे, तेथेच बसवू. हा विचार घातक आहे, आणि त्याचे कारण आकड्यांत सांगता येते. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो; बीडच्या उंचीवर ९५ च्या आसपास, आणि १०,००० फुटांवर जेमतेम ७०. आता ३८ अंश सेल्सिअसला पाणी आपल्या वाफेने ६ ते ७ किलोपास्कल दाब देते, पण मोटारीचे पेट्रोल सुमारे ६०. म्हणजे बीडच्या उन्हात तापलेली टाकी घेऊन विमान १०,००० फुटांवर गेले, तर ढकलणाऱ्या हवेपाशी अवघे १० किलोपास्कल शिल्लक राहतात. एवढ्या पुंजीवर शोषणाच्या नळातील वळणे, गाळणी आणि चढ भागवायचा. तो भागला नाही की पेट्रोल नळातच उकळू लागते, पंपाच्या तोंडी वाफ येते, आणि वाफेला ढकलणे पंपाला जमत नाही. वांकेलचा धूर साध्या इंजिनापेक्षा अधिक तापलेला असतो, म्हणून इंजिनाच्या कोठडीत ठेवलेला पंप हे संकट आपण होऊन ओढवून घेतो.

तेव्हा पंप टाकीशी, टाकीच्या तळाहून खाली, किंवा टाकीतच ठेवावा. येथे बोअरवेलच्या पंपाची आठवण होईल. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात बोअर वाढले, आणि त्यांच्यात जो पाणबुडा पंप उतरतो तो मुळात तेलविहिरींसाठी आर्मेस अरुतुनॉफ या रशियातून अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याने सिद्ध केला. टाकीतल्या पेट्रोल-पंपात याहून एक पाऊल पुढचे धाडस आहे. त्यात विजेची मोटर पेट्रोलमध्येच बुडालेली फिरते. पेट्रोल तिच्या अंगावरूनच वाहते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण आत जळण्यास हवाच नसते. आणि लाभ असा की मोटर आणि पंप यांच्यामध्ये फिरत्या दांड्याची सांधबंदीच लागत नाही. जुन्या पंपात जेथून गळती सुरू होई ती जागाच नाहीशी झाली. आम्हाला ही युक्ती साऱ्या इतिहासात सर्वांत सुरेख वाटते.

एकच पंप मात्र पुरत नाही. दोन घ्यावे आणि त्यांची वीज वेगवेगळी असावी. एकामागे एक जोडले तर अडकलेला पंप दुसऱ्याची वाट बंद करू शकतो. शेजारी-शेजारी जोडले तर प्रत्येकापुढे उलट प्रवाह अडविणारी झडप पाहिजे, एरवी चालू पंप आपले पेट्रोल बंद पंपातून टाकीतच फिरवीत बसेल.

पंप टाकीशी नेला की बहुतेक सारा नळ ढकलण्याच्या बाजूला येतो. आता गळेल ते बाहेर गळेल. ४० पौंडांच्या दाबाचा फवारा तापलेल्या धुराड्यावर गेला तर आग लागते, हे खरे आहे. तरीही न दिसणाऱ्या गळतीपेक्षा दिसणारी गळती पत्करणे शहाणपणाचे, असे आमचे मत आहे. कारण ती जमिनीवरच, पंप चालू करून, सांध्यासांध्यावर हात फिरवून शोधता येते. सांधे शक्यतो धातूवर धातू बसणारे, तोंड पसरलेल्या नळीचे असावेत. नळाच्या कामातली पांढरी फीत येथे नको; तिचे धागे सुटून गाळणीत व फवाऱ्याच्या तोंडात अडकतात. जेथे रबर लागतेच, तेथे गोल कडी. ती नील्स ख्रिस्तेन्सेन या डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थाची कल्पना. १९३९ साली त्यांना तिचे एकस्व मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धाने ती घरोघर नेली.

कडी कोणत्या रबराची, हा प्रश्न मात्र ख्रिस्तेन्सेन यांच्यापुढे आजच्या रूपात नव्हता. तो आपल्या उसाच्या फडातून आला आहे. साखर कारखान्यांतील मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण देशात २०२५ साली २० टक्क्यांवर गेले. ऊस गाळणाऱ्या आणि ऊसतोडीला माणसे पाठविणाऱ्या जिल्ह्याला त्याचे महत्त्व आम्ही सांगावयास नको. परंतु साध्या काळ्या नायट्राइल रबराच्या पुष्कळ जाती या मिश्रणात फुगतात, आणि टाकी रिकामी राहून वाळल्या की आकसतात. आकसलेली कडी शोषणाच्या बाजूला असेल तर पुन्हा तीच, आत जाणारी गळती. १९५७ सालीच, म्हणजे वांकेल प्रथम फिरले त्याच वर्षी, बाजारात आलेले फ्लोरिनयुक्त रबर या मद्यार्काला पुष्कळ अंशी दाद देत नाही. ते महाग आहे. पण एका विमानात अशा कड्या लागतात किती! शिवाय मद्यार्क पाणी शोषून घेतो, आणि फार झाले की पाण्यासह पेट्रोलपासून सुटून तळाशी बसतो. आणि तळाशी तर आपण पंप ठेवला आहे.

म्हणून जाणता हौशी माणूस पेट्रोल भरण्यापूर्वी एक साधा प्रयोग करतो. खुणा केलेल्या काचेच्या बाटलीत थोडे पाणी घेऊन त्याच्या थराशी रेघ ओढतो, वर पेट्रोल ओततो, हलवितो आणि निवळू देतो. पाण्याचा थर रेघेच्या वर चढलेला दिसला, तर तेवढा मद्यार्क पेट्रोलमधून खाली उतरला असे समजतो, आणि पंप पुन्हा उघडून त्याच्या कड्या पाहतो.