भूवैज्ञानिक एकक

भूवैज्ञानिक एकक म्हणजे ठरावीक निकषावर शेजारच्या खडकांपासून वेगळा ओळखता येणारा खडकांचा समुच्चय होय. खडकाचा प्रकार, जीवाश्म, वय, चुंबकीय दिशा किंवा रासायनिक घटक यांपैकी कोणताही निकष घेता येतो. खडकाच्या प्रकारावर आधारलेल्या वर्गीकरणात शैलसमूह हे मूळ एकक असून तो नकाशावर दाखवता येण्याइतका विस्तृत असावा लागतो. अनेक शैलसमूह मिळून गट होतो.

दख्खनमधील वर्गीकरण

मुळशी तालुक्यातील महाळुंगे गाव ज्या बेसाल्ट खडकावर वसले आहे, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांनी बनला. हे थर दिसायला बहुतेक सारखेच काळे असल्याने त्यांची विभागणी अवघड ठरते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रवाहांचे बाह्य स्वरूप आणि फेल्डस्पारचे मोठे स्फटिक असलेले ठळक प्रवाह यांच्या आधारे सह्याद्री गटात इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड, महाबळेश्वर इत्यादी शैलसमूह मानले. १९८० च्या दशकात के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर, कीथ कॉक्स आदी संशोधकांनी टायटॅनियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांचे प्रमाण आणि स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर तपासून वेगळी रचना मांडली. तिच्यात कळसुबाई, लोणावळा व वाई हे उपगट असून बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर हे त्यांतील काही शैलसमूह आहेत.

महाबळेश्वर हे नाव दोन्हीकडे येते, निकष मात्र भिन्न आहेत. जाणकार वाचक संदर्भावरून अर्थ लावतो. संगणकाला ते साधत नाही. (पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची गावेही एकाहून अधिक आहेत, तालुका सांगितल्याखेरीज गाव निश्चित होत नाही.)

संगणकीय नोंद

यासाठी प्रत्येक एककाला नावाखेरीज स्वतंत्र ओळखचिन्ह द्यावे लागते आणि निकष, श्रेणी, वरची व खालची सीमा, व्याख्या करणारा स्रोत यांची नोंद ठेवावी लागते. जिओसायएमएल हे २०१७ मध्ये ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमने स्वीकारलेले आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात एककाची संकल्पना आणि नकाशावर त्या एककाचा दिसणारा तुकडा यांची नोंद वेगवेगळी होते, ही त्याची सर्वांत उपयुक्त बाजू म्हणावी लागेल. सीमा नव्याने आखली, तरी व्याख्या अबाधित राहते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संगणकीय नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर मिळतात.

भूजलाच्या अभ्यासात मात्र वरील दोन्ही वर्गीकरणे अपुरी पडतात. विहिरीला पाणी लागते ते प्रामुख्याने झिजलेल्या, भेगाळ किंवा सच्छिद्र भागात. एकाच प्रवाहाचा मधला घट्ट कातळ कोरडा असू शकतो. त्यामुळे प्रवाहाच्या अशा भागांची नोंद शैलसमूहाच्या नोंदीशी जोडलेली, पण वेगळी ठेवणे आवश्यक असते.