समुद्रकाठचे पुस्तकांचे दुकान

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आजोळी एक मौज चाले. दुपारी फराळाची भांडी आवरली, की मावशी ओसरीवर पोथी उघडून बसे. आजोबा झोपाळ्यावरून कौतुकाने पाहत आणि म्हणत, "पोरीला वाचनाची गोडी आहे हो!" गोडी होतीच, पण पोथीच्या आत एक कादंबरी असे. आजोबांना पोथी दिसे, मावशीला नायक दिसे, आणि दोघेही समाधानात असत!

ही युक्ती मावशीचीच, असे मला पुष्कळ वर्षे वाटत होते. पुढे शेरिडनचे 'द रायव्हल्स' हे १७७५ सालचे इंग्रजी नाटक वाचले आणि मी चकित झालो. त्यातली लिडिया वडील माणसांची चाहूल लागताच दासीकडून कादंबऱ्या भराभर लपवून घेते आणि टेबलावर धर्मोपदेशाचे पुस्तक उघडे टाकते! ह्या कादंबऱ्या तिची दासी बाथ गावच्या वाचनालयांतून भाड्याने आणीत असे. पुस्तके भाड्याने देणाऱ्या ह्या दुकानांची खरी बहार मात्र समुद्रकाठी होती.

तेव्हा समुद्रकाठी लोक करमणुकीसाठी नव्हे, औषधासाठी जाऊ लागले होते. १७५० मध्ये डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्राच्या पाण्याचे औषधी गुण सांगणारा ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिला. त्या पाण्यात बुडी मारा म्हणून ते सांगतच, शिवाय ते प्या असेही सांगत! ब्रायटन हे कोळ्यांचे गाव पाहता पाहता श्रीमंतांचे झाले. चाकांच्या लाकडी खोल्या पाण्यात ढकलीत नेत, आणि आतल्या बायकांना बाहेर काढून मार्था गन्‌सारख्या दणकट बाया लाटांत बुचकळीत.

पण बुचकळून झाल्यावर पुढचा दिवस घालवायचा कसा? १७६० च्या सुमारास बेकर नावाच्या गृहस्थांनी ब्रायटनमध्ये पुस्तकांचे दुकान थाटले ते ह्याच प्रश्नाला उत्तर म्हणून. मार्गेट, वर्दिंग अशा गावांतही तशी दुकाने निघाली. गावात आलेला पाहुणा प्रथम तेथे जाई, वर्गणी भरी आणि वहीत नाव लिही. ती वही म्हणजे गावात कोण कोण उतरले आहे ह्याची खबरच! उपवर मुलींच्या आया ती पुस्तकांपेक्षा मन लावून वाचीत असतील, असे समजायला हरकत नाही. आत वर्तमानपत्रे असत, शिंपल्यांच्या डब्या, ब्रूच, अंगठ्या असत, आणि संध्याकाळी सोडतही निघे.

पुस्तक भाड्यानेच का घ्यायचे, असे कोणी विचारील. तर १८१३ साली निघालेल्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची किंमत होती १८ शिलिंग. सामान्य माणसाने एवढे पैसे एका गोष्टीपायी घालवायचे कसे? कादंबरी बहुधा तीन भागांत छापीत, त्यामुळे एकच प्रत एका वेळी तिघांकडे फिरे. दुकानदार खूष, पण पहिल्या भागात रुसलेल्या नायिकेचा रुसवा निघाला की नाही, हे कळायला तिसरा भाग परत येईपर्यंत वाट पाहावी लागे!

साहजिकच ह्या दुकानांवर टीका झाली. पोरी बिघडतात, नाही नाही ती स्वप्ने पाहतात, असे प्रतिष्ठित लोक म्हणू लागले. पण त्यांना डाचत होते ते निराळेच असावे. नाचाच्या समारंभाला जायचे तर मुलीबरोबर वडीलधारे माणूस लागे. पुस्तकांच्या दुकानात मात्र भल्या घरची बाई दिवसाढवळ्या जाऊ शके. चार पुस्तके चाळून तीन परत ठेवायची आणि चौथे आपल्या पसंतीने घ्यायचे, एवढी मुभा तिला तेथे होती. जिला लग्नातही फारसे विचारीत नसत, तिला हा निवडीचा पहिलाच धडा होता.

हा धडा पुरेपूर घेतलेली एक बाई म्हणजे जेन ऑस्टिन. १८०५ च्या शरद ऋतूत ती वर्दिंगला होती. तेथे एका संध्याकाळी तिला सोडतीत १७ शिलिंग मिळाले, अशी नोंद तिच्या भाचीच्या रोजनिशीत आहे. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली उथळ लिडिया ब्रायटनहून पत्र पाठवते, तेही नुकतेच वाचनालयातून परतल्याचे! बरोबर लष्करी अधिकारी होते आणि तेथले दागिने पाहून जीव वेडावला, हे तिचे वर्तमान. पुस्तकाचे नावही नाही!

पुढे जानेवारी १८१७ मध्ये आजारी जेनने समुद्रकाठच्या एका नव्या गावावर कादंबरी लिहायला घेतली. ती आज 'सँडिटन' म्हणून ओळखली जाते. तीत मिसेस व्हिटबीचे वाचनालय आहे. गिऱ्हाईक नाही म्हणून बाई स्वतःच कादंबरी वाचीत बसल्या आहेत. गावाचे अभिमानी मिस्टर पार्कर वहीतली नावे पाहून हिरमुसतात. बावीस वर्षांची शार्लट तेथल्या शोभेच्या वस्तूंनी मोहात पडते. तेवढ्यात 'कॅमिला' ही फॅनी बर्नीची कादंबरी हाती येते. त्या नायिकेसारखे खर्चात बुडायचे नाही, असे ठरवून ती घेतले तेवढ्याचे पैसे चुकते करते. कादंबरी वाचून मुलगी बिघडते म्हणणाऱ्यांना ह्याहून मिस्कील उत्तर कोणते? इथे कादंबरीनेच मुलीला सावरले!

'कॅमिला'चे नाव तिथे उगीच आलेले नाही. १७९६ साली ती वर्गणीदार जमवून छापली होती. त्या वर्गणीदारांच्या छापील यादीत विशीतल्या मिस जे. ऑस्टिनचे नाव आहे. वाचक म्हणून तिचे नाव असे छापून आले. पण तिच्या हयातीत निघालेल्या तिच्या चारही कादंबऱ्यांवर मात्र ते कधीच आले नाही. पहिलीवर फक्त 'एका स्त्रीने लिहिलेली' एवढेच होते. पोथीआड कादंबरी लपवावी, तशी ती स्वतःच पुस्तकाआड लपलेली राहिली.

बारा प्रकरणे झाली आणि मार्चमध्ये लेखणी थांबली. १८ जुलै १८१७ रोजी जेन गेली. शार्लटने कोणाला निवडले, हे कधीच कळणार नाही. १९२५ मध्ये ते अपुरे हस्तलिखित छापले गेले, लेखिकेच्या नावासकट!

आपल्याकडे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली आले आणि मराठी कादंबरीची वाट सुरू झाली. पुढे आपल्याही घरांत तोच धाक आणि तीच लपवाछपवी आली. हलक्याफुलक्या प्रेमकथेला आपण हसतो. पण तिच्या पानापानात एक मुलगी काहीतरी निवडीत असते. मावशी दुपारभर तेच पाहत होती.

एकदा वाचता वाचता तिला झोप लागली आणि पोथी मांडीवरून घसरली. आजोबांनी कादंबरी उचलली, चाळली आणि हळूच पोथीत ठेवून दिली. मात्र पान तेच ठेवले, जिथे ती थांबली होती.